डेनिस पॉटर: टीव्हीसाठी लिहिणाऱ्या नाटककाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेनिस पॉटर कोण, हे चार ओळींत सांगता येईल का?

ब्रिटिश नाटककार. जन्म १७ मे १९३५, मृत्यू ७ जून १९९४. रंगभूमीसाठी त्यानं फारसं लिहिलं नाही. १९६५पासून मरेपर्यंत तो लिहीत राहिला तो टेलिव्हिजनसाठी. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ (१९७८), ‘ब्लू रिमेम्बर्ड हिल्स’ (१९७९) आणि ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ (१९८६) ही त्याची सर्वांत गाजलेली कामं. त्याच्या पिढीतल्या कित्येक लेखकांना टीव्ही ही नाटक-सिनेमाकडे जाण्याची पायरी वाटायची. पॉटर सिनेमाकडे जाऊनही आला, पण त्याचा जीव होता तो टीव्हीत.

टेलिव्हिजन नाटक म्हणजे मालिकाच ना?

नाही. बीबीसीवर १९६४ ते १९७० ‘द वेन्सडे प्ले’ आणि पुढे १९८४पर्यंत ‘प्ले फॉर टुडे’ नावाचे कार्यक्रम चालले. त्यांत दर वेळी नवं नाटक, नवा लेखक, नवी पात्रं. तास-सव्वा तासात गोष्ट संपायची, पुढच्या आठवड्यात तिचा मागमूस नसायचा. नाटक आवडलं नाही तरी लोक लेखकाचं नाव लक्षात ठेवायचे, ही आज नवलाची वाटणारी गोष्ट तेव्हा रोजची होती.

त्या काळात ब्रिटनमध्ये मोजून तीन चॅनेल. रात्री लागलेलं नाटक दुसऱ्या दिवशी कारखान्यात, शाळेत, दारूच्या गुत्त्यात सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. पॉटरला याचंच आकर्षण होतं. नाटकाचं तिकीट काढून थिएटरात जाणारे लोक त्याच्या गावात नव्हते. पण टीव्हीचा खोका खाणकामगाराच्या घरातही होता आणि प्राध्यापकाच्याही, आणि दोघं एकाच वेळी एकच गोष्ट बघत होते. वर्गावर्गांत चिरलेल्या इंग्लंडमध्ये असं दुसरं काही नव्हतं, अशी त्याची धारणा होती. त्याचे बीबीसीशी झालेले झगडे, त्याची नाटकातली गाणी, मरताना त्यानं घातलेली अट, या सगळ्याच्या मुळाशी ही धारणा आहे.

त्याचं गाव कुठलं?

बेरी हिल. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या ‘फॉरेस्ट ऑफ डीन’ या जंगलभागातलं खाणकामगारांचं खेडं. सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या बेचक्यात, वेल्सच्या सीमेला चिकटून असलेला हा प्रदेश जरा स्वतःतच असतो. इथं जन्मलेल्या आणि खाणीत वर्ष आणि एक दिवस काम केलेल्या माणसाला जंगलात स्वतःची खाण चालवण्याचा पिढीजात हक्क आहे. बोलीही वेगळी, बाकी इंग्लंडनं केव्हाच टाकून दिलेलं जुनं एकेरी संबोधन इथल्या माणसांच्या तोंडी टिकून होतं.

वडील वॉल्टर कोळशाच्या खाणीत. आई मार्गारेट मूळची लंडनची. रविवारी चॅपेल, तिथली भजनं, गावचा ब्रास बँड. पॉटर पुढे देवाधर्माबद्दल कितीही उलटसुलट बोलला तरी चॅपेलच्या बाकावर ऐकलेली भाषा त्याच्या लिखाणातून कधी गेली नाही.

१९४५मध्ये आई मुलांना घेऊन काही काळ लंडनच्या हॅमरस्मिथ भागात आपल्या माहेरच्यांकडे राहिली. तिथं दहा वर्षांच्या डेनिसवर एका मामानं लैंगिक अत्याचार केले. ही गोष्ट त्यानं कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. उतारवयात स्वतःच जाहीरपणे बोलला. ती कळल्यावर त्याची नाटकं वेगळी दिसतात. लहान मुलाच्या जगात शिरलेला, गोड बोलणारा, घातकी पाहुणा त्यांत पुन:पुन्हा येतो.

खाणकामगाराचा मुलगा ऑक्सफर्डला कसा पोचला?

अकराव्या वर्षीची निवड परीक्षा पास होऊन आधी कोलफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये. मग लंडनची शाळा, मग सक्तीची लष्करी सेवा. लष्करानं त्याला बंदूक द्यायच्या ऐवजी रशियन शिकवलं आणि नंतर लंडनच्या युद्ध कार्यालयात बसवलं. पुढे आयुष्यभर त्याची नाटकं निर्माण करणारा आणि त्याच्याशी तितक्याच नेमानं भांडणारा केनिथ ट्रॉड त्याला भेटला तो या लष्करी दिवसांतच. १९५६ ते १९५९ ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र.

ऑक्सफर्डमधली एक घटना मात्र नीट सांगायला हवी. १९५८मध्ये बीबीसीवर वर्गभेदाविषयी एक कार्यक्रम झाला. त्यात विद्यार्थी पॉटरची मुलाखत होती. शिकून घरापासून कसं तुटायला होतं, वडिलांशी बोलताना कसं अवघडायला होतं, हे तो प्रामाणिकपणे बोलला. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रानं मथळा दिला तो खाणकामगाराच्या पोराला घराची लाज वाटते अशा अर्थाचा. गावानं तो वाचला. आईवडिलांनीही वाचला. ज्या खोक्याचं त्याला पुढे एवढं प्रेम वाटणार होतं, त्या खोक्यानं त्याला पहिला चटका दिला तो असा, बापासमोरच.

सात वर्षांनी त्यानं हा प्रसंग ‘स्टँड अप, नायजेल बार्टन’ या टीव्ही नाटकात जवळपास जसाच्या तसा घातला. टीव्हीवर बोलणारा मुलगा आणि घरी त्याचं बोलणं ऐकत बसलेले आईबाप, एकाच खोलीत.

तो राजकारणात जाणार होता म्हणतात, ते खरं का?

खरं. विद्यार्थी असतानाच तो मजूर पक्षाचा कडवा समर्थक होता. १९६०मध्ये, पंचविशीतच, इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेवर झोड उठवणारं ‘द ग्लिटरिंग कॉफिन’ हे पुस्तक त्यानं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बीबीसीसाठी आपल्या जंगलभागावर माहितीपट केला. मग ‘डेली हेरल्ड’ या कामगारांच्या बाजूच्या वृत्तपत्रात नोकरी. १९६४च्या सार्वत्रिक निवडणुकीत ईस्ट हर्टफर्डशायर मतदारसंघातून मजूर पक्षाचा उमेदवार. जागा हुजूर पक्षाच्या हक्काची होती, पडणार हे ठरलेलंच. प्रचारात दारोदार खोटं हसून त्याला इतका वीट आला, की मतदानाच्या दिवशी आपण स्वतःलाही मत दिलं नाही, असं तो नंतर सांगत असे.

पहिलंच नाटक बीबीसीनं का अडवलं?

पहिलं नव्हे; पहिलं होतं ‘द कॉन्फिडन्स कोर्स’ (१९६५). अडलं ते ‘व्होट, व्होट, व्होट फॉर नायजेल बार्टन’. निवडणुकीचा तो अनुभव होताच. पडणारा उमेदवार, आणि त्याचा बेरकी निवडणूक प्रतिनिधी, जो मधूनच थेट कॅमेऱ्यात बघून प्रेक्षकांना सांगतो की हे सगळं असंच चालतं. जून १९६५मध्ये ते लागणार त्याच दिवशी ते काढून घेण्यात आलं. बदल करून डिसेंबरात दाखवलं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच नायकाच्या आधीच्या आयुष्याचं ‘स्टँड अप, नायजेल बार्टन’. आधी अडवलेल्या नाटकामुळे लागोपाठ दोन बुधवार पॉटरचं नाव गाजलं. बीबीसीचा असा हेतू नसणार.

त्याला नेमका काय आजार होता?

सोरायटिक आर्थ्रोपथी. सोरायसिसमुळे कातडी लाल होऊन तिचे पापुद्रे सुटणं आणि त्याच वेळी सांधे सुजून आखडणं. विशीच्या मध्यावर, पत्रकारितेत नुकतं बस्तान बसत असताना, तो सुरू झाला आणि शेवटपर्यंत राहिला. जोर असला की अंगभर कातडी सोललेली, ताप चढलेला, मान वळत नाही. हाताची बोटं मिटून मुठी झाल्या. त्या मुठीत पेन धरून तो हातानंच लिही. १९७७च्या सुमारास एका नव्या, मूळ कॅन्सरवरच्या औषधानं, रेझॉक्सेननं, त्याला पहिल्यांदा खरा उतार पडला. पुढे त्या औषधाचेच धोके ध्यानात आले आणि ते सोडावं लागलं.

लोक विचारतात, आजार नसता तर तो नाटककार झाला असता का? मला वाटतं, झाला असता, पण इतका नाही. बातमीदाराला पाय लागतात आणि पुढाऱ्याला चेहरा. दोन्ही गेल्यावर खोलीत बसून करण्याजोगं काम उरलं ते लिहिण्याचं. त्यातही टीव्हीच्या नाटकासाठी तालमींना हजर राहायची सक्ती नाही, गर्दीसमोर जायची गरज नाही.

गाण्यावर ओठ हलवणं यात नवीन काय? आपल्या हिंदी सिनेमात सगळे तेच करतात.

मराठी माणसाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि तो चांगला आहे.

हिंदी सिनेमात गाणं त्या सिनेमासाठी, त्या नटासाठी, त्या प्रसंगासाठी बांधलं जातं. आवाज नटाला शोभेल असा निवडतात. बघणाऱ्यानं तो त्याचाच आवाज मानावा अशी सगळी धडपड. पॉटरनं नेमकं उलट केलं. ‘पेनीज फ्रॉम हेवन’मधला आर्थर पार्कर हा १९३०च्या दशकात गाण्यांच्या छापील प्रती दुकानोदुकानी विकणारा फिरता विक्रेता. बायको थंड, खिसा रिकामा, आणि विकत असलेल्या गाण्यांवर मात्र त्याचा भाबडा विश्वास: या गाण्यांत सांगितलंय तसं जग कुठंतरी असणारच. बोलता बोलता प्रकाश बदलतो आणि त्याच्या तोंडून तीसेक सालातली खरखरती ध्वनिमुद्रिका वाजू लागते. पहिल्याच वेळी आवाज येतो तो एल्सी कार्लाइल या गायिकेचा. बॉब हॉस्किन्ससारखा गोलमटोल, दांडगट नट आणि त्याच्या ओठांवर बाईचा मधाळ आवाज. आवाज त्याचा नाही हे तुम्हाला कळावं, अशीच ती रचना आहे. गाणं संपतं, तो पुन्हा त्याच कळकट खोलीत.

पॉटर या गाण्यांची टिंगल करत नाही, ही खरी मेख. ती स्वस्त आहेत, साच्यातली आहेत, हे त्याला ठाऊक आहे. तरी चॅपेलमधल्या स्तोत्रांचंच हे उतरलेलं रूप, असं तो म्हणे. जग असं आहे त्यापेक्षा बरं असू शकेल, एवढं ती गाणी सांगतात. आर्थर मात्र त्यांच्या नादानं फसतो, फसवतो आणि न केलेल्या खुनासाठी फासावर जातो.

सहा भागांची ही मालिका पिअर्स हॅगर्डनं दिग्दर्शित केली. बरेचसे प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचे फिल्मवर घेतलेले असल्यानं आज ती जरा जोडकाम वाटते. पहिली वीस मिनिटं सहन करा, मग लक्षातही येत नाही.

‘ब्लू रिमेम्बर्ड हिल्स’मध्ये मोठी माणसं लहान मुलांचं काम का करतात?

१९४३चा उन्हाळा, एक दुपार, जंगलात खेळणारी सात वर्षांची मुलंमुली. कामं करतात हेलन मिरन, कॉलिन वेलंड, मायकेल एल्फिक असे वाढलेले, काही टक्कल पडू लागलेले नट. अर्ध्या चड्ड्या, शेंबडी नाकं, मारामाऱ्या.

खरी लहान मुलं घेतली असती तर आपण ‘किती गोड’ म्हणून सुटलो असतो. चाळिशीचा माणूस रडका चेहरा करून दुसऱ्याला कोपऱ्यात घेतो तेव्हा तसं सुटता येत नाही. मुलांमधली क्रूरता मोठ्यांच्या क्रूरतेपेक्षा लहान नसते, फक्त तिचे अंग लहान असते, हे अंगावर येतं. डोनाल्ड नावाच्या मुलाचा बाप जपान्यांच्या कैदेत आहे. घरी मार, बाहेर चिडवाचिडवी, आणि काडेपेटीचा नाद. बाकीची मुलं गंमत म्हणून गोठ्याचं दार बाहेरून धरून ठेवतात. आत आग लागते. पुढे मुलं गवतात लपून एकमेकांना बजावतात, आपण तिथं नव्हतोच. शेवटी हाउसमन या इंग्रज कवीच्या कवितेच्या ओळी ऐकू येतात. त्या वाचणारा आवाज पॉटरचा स्वतःचा.

ही युक्ती त्यानं १९७९मध्ये शोधली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ‘स्टँड अप, नायजेल बार्टन’मधल्या वर्गात मोठा नट कीथ बॅरनच लहान नायजेल झाला होता.

बीबीसीनं बंदी घातलेलं नाटक कोणतं?

‘ब्रिमस्टोन अँड ट्रीकल’. १९७६मध्ये चित्रित होऊन तयार असलेलं नाटक दाखवायच्या थोडे दिवस आधी बीबीसीचे अलास्डेर मिल्न यांनी थांबवलं. लिखाण आणि निर्मिती उत्कृष्ट आहे पण बघून किळस येते, असं त्यांनी पॉटरला पत्रानं कळवलं.

एका मध्यमवर्गीय घरात गोडबोल्या, धार्मिक वाटणारा तरुण शिरतो. घरातली मुलगी अपघातानंतर मेंदूला इजा होऊन पडून आहे. तरुण तिच्यावर बलात्कार करतो आणि त्या धक्क्यानं ती शुद्धीवर येते. बंदीच्या विरोधात मी आहे, पण मिल्नना किळस का आली हे समजण्यासारखं आहे. पॉटरचं म्हणणं असं, की दुष्टाव्यातूनही चांगलं निपजू शकतं हा प्रश्न धर्माचाच आहे आणि टीव्हीनं तो विचारलाच पाहिजे. मला तो प्रश्न त्या मुलीच्या अंगावर लिहिलेला वाटतो. तिला स्वतःचं म्हणून काही म्हणायला नाटकात जागाच नाही. शेवटी बीबीसीनं ते १९८७मध्ये दाखवलं. दरम्यान ते रंगमंचावर येऊन गेलं आणि १९८२मध्ये स्टिंग या गायकाला घेऊन त्याचा सिनेमाही निघाला होता.

‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ ही त्याची आत्मकथाच आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि पॉटरला सर्वांत जास्त चीड आणणारा.

आधी गोष्ट. फिलिप मार्लो हा रहस्यकथा लिहिणारा, सध्या विस्मरणात गेलेला लेखक लंडनच्या एका सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात पडून आहे. आजार पॉटरचाच: कातडी फुटलेली, हात-मान आखडलेली. करण्यासारखं काही नाही म्हणून तो आपली जुनी कादंबरी मनात नव्यानं लिहितो. तिच्यात १९४५चं लंडन, नदीतून काढलेलं नग्न बाईचं प्रेत, आणि डान्सबँडबरोबर गाणारा एक खाजगी गुप्तहेर. तापात या कादंबरीत त्याचं बालपण मिसळतं: जंगल, झाडाच्या शेंड्यावर बसलेला पोरगा, आणि झुडपात बापाच्या मित्राबरोबर आई. वॉर्डातल्या डॉक्टरांचा ताफा अचानक ‘ड्राय बोन्स’ हे गाणं नाचत म्हणू लागतो. एकच नट दोन-तीन जगांत वेगवेगळ्या नावांनी फिरतो. सहा भागांत हे सगळे धागे हळूहळू एका गाठीशी येतात, आणि ती गाठ खुनाची नसून वर्गातल्या एका छोट्या खोटेपणाची आहे.

मायकेल गॅम्बननं मार्लो केला. पहिले कित्येक प्रसंग त्याला फक्त डोळे आणि आवाज एवढ्यावर काम करावं लागतं. जॉन अमिएलचं दिग्दर्शन, आणि या वेळी सगळं फिल्मवर. इंग्रजी टीव्हीवर याच्या तोडीचं काही झालं असेल तर मी पाहिलेलं नाही.

आता आत्मकथेचं. आजार खरा. जंगल खरं. खाणकामगार बाप खरा, पण मार्लोचा बाप गावच्या क्लबात गातो आणि त्याची आई लंडनच्या पुलावरून उडी मारते. पॉटरची आई मुलाच्या मागे जिवंत राहिली. वर्गातली गोष्ट बघा. लहान फिलिप मास्तरणीच्या टेबलावर घाण करतो आणि आळ निष्पाप मार्क बिनीवर घेतो. त्या बिचाऱ्याचं आयुष्य त्यात फुकट जातं. नायजेल बार्टननंही १९६५मध्ये वर्गातलं डॅफोडिलचं फूल चोरून असाच दुसऱ्याचा बळी दिला होता. दोन्ही नाटकांत ती जरबेची मास्तरीण एकाच नटीनं, जॅनेट हेन्फ्रीनं, केली आहे. म्हणजे एकवीस वर्षं एकच प्रसंग तो घासूनपुसून पुन्हा लिहीत होता. आत्मकथा लिहिणाऱ्याला अशी गरज नसते. तो एकदा सांगून मोकळा होतो. पॉटर स्वतःच्या आयुष्याचा कच्चा माल प्रेक्षकाला गुंगवायला वापरत होता, आणि ‘हे खरंच घडलं का’ हे विचारायला लावणं हा त्या रहस्यकथेचाच भाग होता.

तरी लोकांनी ते खरं मानलंच ना?

मानलं, आणि त्याची किंमतही मोजली. टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस रेडिओवरच्या एका मुलाखतीत म्हणाल्या, की पॉटरनं लहानपणी आईला परपुरुषाबरोबर पाहिलं आणि त्या धक्क्यानं त्याला हा आजार जडला. मालिकेतला प्रसंग त्यांनी थेट त्याच्या आईच्या नावावर टाकला. मार्गारेट पॉटर तेव्हा म्हाताऱ्या होत्या. त्यांनी बीबीसी आणि ते बोलणं छापणाऱ्या ‘द लिसनर’वर दावा लावला आणि भरपाई मिळवली.

बायकांविषयी त्याचं लिखाण आक्षेपार्ह आहे, हा आरोप बरोबर आहे का?

बऱ्याच अंशी. ‘ब्लॅकआइज’ (१९८९) ही मालिका एका मॉडेल मुलीचं पुरुष कसं शोषण करतात याविषयी आहे असं तो सांगत होता. पण तिचं दिग्दर्शन त्यानं स्वतः केलं, निवेदनही स्वतःच्या आवाजात केलं, आणि कॅमेरा ज्या नजरेचा निषेध करायचा त्याच नजरेनं तिच्याभोवती फिरत राहिला. टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी त्याला ‘डर्टी डेन’ म्हणून झोडपलं. ते सवंग होतं. पण ज्यांनी गंभीरपणे टीका केली त्यांचंही म्हणणं वेगळं नव्हतं. इतर दिग्दर्शकांशी भांडताना त्याच्या लिखाणाला जी शिस्त लागायची, ती इथं कुणीच लावली नाही.

हॉलिवूडचं काय झालं?

‘पेनीज फ्रॉम हेवन’ १९८१मध्ये स्टीव्ह मार्टिनला घेऊन अमेरिकेत सिनेमा झाला. पॉटरला पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, सिनेमा पडला, आणि हक्क स्टुडिओकडे गेल्यामुळे मूळ मालिका बरीच वर्षं पुन्हा दाखवता आली नाही. ‘गॉर्की पार्क’ (१९८३)ची पटकथा त्याचीच. ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’वरचा सिनेमा त्याच्या मृत्यूनंतर २००३मध्ये आला, न पाहिला तरी चालेल.

कॅन्सरला त्यानं ‘रूपर्ट’ नाव ठेवलं होतं, हे खरं?

खरं, आणि ते त्यानं टीव्हीवरच सांगितलं. रूपर्ट म्हणजे वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉक. पॉटर तरुणपणी ज्या ‘डेली हेरल्ड’मध्ये काम करत होता, त्याचं १९६४मध्ये ‘द सन’ झालं आणि १९६९मध्ये ते मर्डॉकनं विकत घेतलं. कामगारांच्या पत्राचं काय झालं हे तो पंचवीस वर्षं बघत होता. ऑगस्ट १९९३मध्ये एडिंबरातल्या टेलिव्हिजन महोत्सवातल्या व्याख्यानात त्यानं मर्डॉकला सोलून काढलं. बीबीसीचे महासंचालक जॉन बर्ट आणि अध्यक्ष मार्मड्यूक हसी यांनाही सोडलं नाही. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेतल्या डॅलेक या यंत्रराक्षसांची, तीही घोगऱ्या आवाजाच्या जोडीची, उपमा दिली. राग एकच होता: सगळ्यांना एका खोलीत आणणारी गोष्ट हिशेबनिसांच्या हाती चालली आहे.

त्या शेवटच्या मुलाखतीत एवढं काय होतं?

फेब्रुवारी १९९४मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. हातात दोन-तीन महिने. मार्चमध्ये मेल्विन ब्रॅगनं चॅनेल फोरसाठी त्याची मुलाखत घेतली; ५ एप्रिलला ती दाखवली गेली. समोर मद्याचा ग्लास, हातात सिगारेट, आणि बाटलीत द्रवरूप मॉर्फीन. वेदना वाढली की तो माफी मागून घोट घेतो आणि वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे सुरू करतो.

खिडकीबाहेरच्या प्लमच्या झाडाला आलेल्या बहराविषयी तो जे बोलला ते सगळीकडे उद्धृत होतं. इतका पांढरा बहर आपण पूर्वी पाहिलाच नव्हता, कारण आता फक्त आत्ताचा क्षण उरला आहे, असा त्याचा आशय. मला जास्त आवडतो तो मुलाखतीचा व्यवहारी भाग. दोन मालिका अर्ध्या लिहून झाल्यात, त्या पुऱ्या करतोय, रोज किती पानं होतात, हे तो कारागिरासारखं सांगतो. आणि मग सगळ्या देशासमोर मागणी करतो: ‘कराओके’ आणि ‘कोल्ड लाझरस’ बीबीसी आणि चॅनेल फोर यांनी मिळून दाखवाव्यात.

एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन चॅनेल. पण मरणाऱ्या माणसानं लोकांदेखत मागितल्यावर नाही कोण म्हणणार? हे त्यालाही नक्की ठाऊक होतं.

मग त्या दाखवल्या का?

हो, १९९६मध्ये. प्रत्येकी चार भाग, दोन्ही वाहिन्यांवर, दोन्हींत आल्बर्ट फिनी. ‘कराओके’तला लेखक डॅनियल फील्डला वाटतं, आपण लिहिलेले संवाद आसपासचे लोक खरंच बोलू लागलेत. ‘कोल्ड लाझरस’मध्ये चोविसाव्या शतकात त्याचंच गोठवून ठेवलेलं डोकं प्रयोगशाळेत आहे, आणि एका माध्यमसम्राटाला त्यातल्या आठवणी विकायच्या आहेत. कल्पना जबर, काम असमान. पुनर्लेखनाला वेळ नव्हता, ते जाणवतं.

घरच्यांविषयी?

जानेवारी १९५९मध्ये त्यानं आपल्याच भागातल्या मार्गारेट मॉर्गनशी लग्न केलं. तीन मुलं; मुलगी सारा इंग्लंडच्या महिला संघातून क्रिकेट खेळली. कुटुंब वाय नदीकाठच्या रॉस-ऑन-वाय या छोट्या गावात राहिलं, जन्मगावापासून फार लांब नाही. मार्गारेटलाही कॅन्सर होता. त्याच्या शेवटच्या आजारात तिनंच त्याची शुश्रूषा केली आणि २९ मे १९९४ला ती गेली. नऊ दिवसांनी तो.

सुरुवात कुठून करावी? सगळं मिळतं का?

‘ब्लू रिमेम्बर्ड हिल्स’पासून. सव्वा तासाच्या आसपास आहे आणि त्यासाठी इंग्लंडचा इतिहास ठाऊक असावा लागत नाही. बोली जड जाईल, सबटायटल लावा. मग ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’, एका आठवड्यात दोन भाग या बेतानं. सलग बघितलीत तर गोंधळाल. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ त्यानंतर. १९५६च्या सुएझ प्रकरणाच्या काळातली, युद्ध कार्यालयात घडणारी ‘लिपस्टिक ऑन युअर कॉलर’ (१९९३) हलकी आहे. तिच्यात कोवळा इवन मॅग्रेगर दिसतो. नायजेल बार्टनची दोन नाटकं कृष्णधवल आहेत, पण आजच्या निवडणुका बघणाऱ्याला त्यांत परकं काही वाटणार नाही. ‘ब्लॅकआइज’ अगदी शेवटी, आणि तेही पॉटरची गोडी लागली असेल तरच.

सगळं मिळत नाही. साठच्या दशकात बीबीसी टेप पुसून पुन्हा वापरत असे, आणि ‘द कॉन्फिडन्स कोर्स’ त्यातच गेलं. ‘मेसेज फॉर पॉस्टेरिटी’ (१९६७)ही असंच पुसलं गेलं; ते १९९४मध्ये नव्यानं चित्रित करण्यात आलं. त्याची हस्तलिखितं आता त्याच्याच जंगलभागात, सूडलीच्या डीन हेरिटेज सेंटरमध्ये ठेवली आहेत.